ग्रंथपालांच्या अक्का

कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या की अक्का आधी ग्रंथपालाला भेटत नसत. आधी त्या फडकं मारणाऱ्या माणसाला शोधायच्या, त्याच्याशेजारी बाकावर बसायच्या आणि विचारायच्या, "मामा, धूळ कुठल्या कपाटावर जास्त बसतीया?" मामा सांगायचे. कोण काय वाचतं, कशाला हात लागत नाही, हे अक्कांना तेवढ्यात कळायचं. मग केबिनमध्ये जाऊन त्या खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणायच्या, "तुमचं रसायनशास्त्र झोपलंय. कुणी शिकवत न्हाय का?" समोरचा दचकायचा. पुढच्या वेळी मात्र अक्का येणार म्हटलं की तो स्वतःच कपाटांवरून बोट फिरवून बघायचा.

अक्का कोल्हापुरात आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात उपग्रंथपाल होत्या, आणि विद्यापीठातल्या व कॉलेजांतल्या ग्रंथपालांची जी संघटना आहे, तिच्या कितीतरी वर्षं चिटणीस. गाव नेसरी. तिकडं कानडीचा शेजार, त्यामुळं आपल्यापेक्षा वयानं मोठ्या प्रत्येक बाईला त्या अक्का म्हणायच्या. हळूहळू तेच नाव लोकांनी त्यांना चिकटवलं. फडकं मारणारे मामा सोडले तर पुरुषांना मात्र त्या सरसकट 'पावणं' म्हणत. एकदा कुलगुरू ग्रंथालयात आले आणि नेमके देवघेवीच्या काउंटरसमोर बोलत उभे राहिले. मागं मुलांची रांग लागली. अक्का म्हणाल्या, "पावणं, जरा बाजूला व्हा, पोरांस्नी पुस्तकं घिऊ द्या." कुलगुरू बाजूला झाले. आम्ही सगळे कपाटांमागं लपलो. अक्का मात्र रांगेतल्या पहिल्या मुलीचं कार्ड बघायला लागल्या होत्या.

उंच बाई. सुती साडी आणि पायात पांढरे खेळाचे बूट. बांधणीवाले पुस्तकाच्या पुठ्ठ्याला जे निळं कापड लावतात, त्याची त्यांनी स्वतः शिवलेली पिशवी खांद्याला. कार्यकारिणीच्या बैठका त्या उभ्यानं घ्यायच्या, कपाटांच्या मधल्या बोळात. खुर्च्या मांडायला कुणी निघालं की म्हणत, बसलं की माणूस लांबण लावतोय. संघटनेची सगळ्यात लांबलेली बैठक चाळीस मिनिटांची होती, आणि तीही एका सदस्याला चक्कर आली म्हणून.

पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा नाही, हाही त्यांचाच नियम. दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही असं एक पुस्तक त्या पाहुण्याच्या नावावर रीतसर नोंदवून द्यायच्या. चौदा दिवसांत वाचून परत करायचं, आणि कसं वाटलं ते चार ओळींत लिहायचं. एक मोठे अधिकारी विसरले. अक्कांनी तीन पोस्टकार्डं टाकली, मग त्यांच्या कचेरीत जाऊन बसल्या. साहेबांनी कबूल केलं की पुस्तक उघडलेलंच नाही. अक्का म्हणाल्या, चालंल, मी थांबते. त्या खरंच थांबल्या. साहेबांनी समोरची फाईल सरकवून पुस्तक उघडलं. आठवड्यानं ते स्वतः पुस्तक परत घेऊन आले, आणि चार ओळींऐवजी चार पानं लिहून आले.

मी संघटनेत आले ती मात्र रडत आले.

नोकरीला लागून वर्ष झालं होतं. मी गडमुडशिंगीहून रोज दुचाकीनं यायची, काम करायची, घरी जायची. संघटनेचा सभासदत्वाचा अर्ज अक्कांनी पहिल्याच आठवड्यात दिला होता, तो माझ्या खणात तसाच पडून होता. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या होत्या, पुस्तकवाल्यांची कसली आलीया युनियन, पुस्तकं काय संपावर जाणार हायत? मलाही ते पटलं होतं. वर्षातून एकदा अधिवेशन, एक पिशवी, एक सामूहिक फोटो, एवढंच ते असणार.

त्या दिवशी एका प्राध्यापकांनी भर काउंटरवर माझ्यावर आवाज चढवला. त्यांनी परत केलेला प्रबंध मी हरवला, असं त्यांचं म्हणणं. मी नोंद दाखवली, प्रबंध त्यांच्याच नावावर होता. तरी ते ओरडत राहिले, मुलं बघत राहिली. ते गेल्यावर मी मागच्या बोळात जाऊन रडले. अक्का तिथं आल्या. मला वाटलं पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी पिशवीतून एक वही काढली, त्यातलं एक पान उघडलं आणि दहा नावांवर बोट ठेवलं. प्रत्येकासमोर फोन नंबर होता. म्हणाल्या, "या दहा जणांस्नी फोन लाव. आज तुमच्याकडं काय झालं, एवढंच इचार. मग रड."

मी वैतागले होते, पण फोन लावले. पहिल्यानं सांगितलं, आज त्याला परीक्षेच्या पर्यवेक्षणाला पाठवून ग्रंथालयाला कुलूप लावलं. दुसरी म्हणाली, तिच्या वाचन कक्षात आजपासून सायकली ठेवतायत. एकाला तर कळेचना की आपल्याला हे कुणी का विचारतंय. मग तो जो बोलायला लागला तो अर्धा तास थांबला नाही. नंतर म्हणाला, मॅडम, आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

दहावा फोन झाल्यावर मी अक्कांकडं गेले. त्या कार्डं लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कॉलेजात प्राध्यापक चाळीस असत्यात, क्लार्क आठ असत्यात. ग्रंथपाल एकटा. त्याचं दुखणं कळायला दुसरा ग्रंथपालच लागतोय. म्हणून ही संघटना."

खणातला अर्ज मी त्याच दुपारी भरला. पुढच्या सर्वसाधारण सभेत सहचिटणीस म्हणून माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मला ते सभागृहातच कळलं. मी अक्कांकडं बघितलं. त्या छताकडं बघत होत्या.

त्यांच्याबरोबर केलेल्या कामाचं सगळंच सांगत बसले तर संपायचं नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी.

मी सहचिटणीस असताना एका वर्षी नदी आली. कोल्हापुरात पाणी येतं तेव्हा आम्ही नदी आली असंच म्हणतो, पाहुणी आल्यासारखं. पण ती त्या वर्षी बरीच आत आली आणि लवकर गेली नाही. नदीकाठच्या एका कॉलेजचं ग्रंथालय तळमजल्यावर होतं. चार दिवस त्यात पाणी उभं होतं. पाणी उतरल्यावर तिथला ग्रंथपाल सुहास, कंत्राटावरचा, तिशीचा मुलगा, त्यानं अक्कांना फोन केला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा सुहास गुडघाभर गाळात एकटा फावडं घेऊन उभा होता. पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की कपाटातून निघत नव्हती. एकमेकांना दाबून, लोखंडी फळ्या वाकवून ती बसली होती. खालच्या दोन फळ्या दिसतच नव्हत्या, तिथं नुसता गाळ होता. एकच गोष्ट सुहासनं वाचवली होती. पाणी आवारात शिरलं त्या दिवशी त्यानं दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती जाडजूड वही, डोक्यावर धरून बाहेर आणली होती.

प्राचार्य भले गृहस्थ होते, पण धास्तावलेले. वर्ग भरवायचे होते, वासानं मुलं आजारी पडतील अशी भीती होती. ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, उद्या सगळं उचलून टाकू, असं ते म्हणाले. सुहास आमच्याशी हळू आवाजात बोलला. ग्रंथालयच राहिलं नाही तर ग्रंथपाल कशाला ठेवतील, एवढंच.

मी एक पुस्तक हातात घेतलं आणि उघडायला गेले. अक्कांनी माझं मनगट धरलं. ओलं पुस्तक उघडलं की पान फाटतंय, तसंच राहू दे, म्हणाल्या. मग त्या प्राचार्यांकडं गेल्या आणि दोन दिवस मागून घेतले. परवा संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली नाही तर ट्रॅक्टर लावायचा, असं ठरलं.

कार्यकारिणीची बैठक कॉलेजच्या पायरीवर झाली, अर्थात उभ्यानं. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की हे आपलं काम नव्हे, आपण शासनाला निवेदन देऊ. त्यांचंही चूक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही निवेदनंच देत आलो होतो. अक्का म्हणाल्या, "द्या की. भिजलेलं पुस्तक पुसायला तेवढाच कागद हुईल." मग त्यांनी निळ्या पिशवीतून पिवळं पडलेलं एक कात्रण काढलं. ओली पुस्तकं गोठवून ठेवली तर बुरशी धरत नाही, मग सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात, अशी माहिती त्यात होती. कैक वर्षांपूर्वी त्यांनी ते कापून ठेवलं होतं. कोल्हापुरात नदी आहे आणि ग्रंथालयं आहेत, तेव्हा कधीतरी लागणारच, असं त्यांचं साधं गणित.

एवढी पुस्तकं गोठवायची कुठं? अक्का मला घेऊन वारणेच्या बाजूला एका दूध संघाच्या शीतगृहावर गेल्या. तिथले व्यवस्थापक शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की इथं लोकांच्या पोटात जाणारा माल असतो, त्याच्या शेजारी पुराची घाण ठेवता येणार नाही. अक्का म्हणाल्या, तुमचं बरोबर हाय, ठेवू पण नका. आणि जागच्या हलल्या नाहीत. व्यवस्थापक गोंधळले. नाही म्हटल्यावर माणूस एक तर भांडतो किंवा जातो. अक्का यांतलं काहीच करत नव्हत्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती पलीकडली इमारत बंद का हाय?"

त्यात आइस्क्रीम गोठवायची जुनी खोली होती. नवीन झाल्यापासून बंद. यंत्र चालू होईल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. व्यवस्थापकांनी वायरमनला बोलावलं. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. आतून आधी खडखड आली, मग ती थांबली, मग एकसारखी घरघर सुरू झाली. व्यवस्थापक अक्कांना म्हणाले, "दूध नासतं म्हणून थंड करतात, हे जन्मभर बघितलं. पुस्तकही नासतं, हे आज कळलं." किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, दिवस न्हाईत पावणं, महिने. ते हसले, आणि दुधाच्या पिशव्यांचे रिकामे क्रेटही त्यांनीच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय बघितलं ते मी विसरणार नाही. रात्री अक्कांच्या वहीतून फोन गेले होते, आणि तीन जिल्ह्यांतले ग्रंथपाल त्या गाळात उभे होते. काहींचे रस्ते बंद होते, ते लांबून वळसा घालून आलेले. फोनवर जो माझ्याशी अर्धा तास बोलत राहिला होता, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला, कोपरापर्यंत चिखलात. निवेदन द्यायचं म्हणणारे ज्येष्ठ सदस्य धोतर वर खोचून आले होते. एकेक पुस्तक न उघडता प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी क्रेटमध्ये, क्रेट टेम्पोत. खालच्या दोन फळ्यांमधून निघाले ते नुसते लगद्याचे गोळे. तेही अक्कांनी टाकू दिले नाहीत. आधी पुस्तकावरचा दाखल आकडा वाचता येतो का बघा, म्हणाल्या. सुहास बाजूला नोंदवही घेऊन बसला होता. गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव त्यानं वेगळ्या कागदावर उतरवलं.

ठरलेल्या संध्याकाळी प्राचार्य आले. खोली रिकामी होती, धुतलेलीही होती. ट्रॅक्टरवाल्याला फोन करून त्यांनी नको म्हणून सांगितलं.

पुढं सात-आठ महिने दर रविवारी आम्ही थोडे थोडे क्रेट काढायचो. विद्यापीठाच्या एका मोकळ्या हॉलमध्ये पंखे लावून, पानांमध्ये कोरे कागद घालून, पुस्तकं वाळवायचो. पाळीपाळीनं सगळे यायचे. एका रविवारी माझ्या सासूबाई जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन आल्या, पुस्तकांखाली घालायला. त्यांनी दिवसभर पानं उलटली. जाताना अक्कांना म्हणाल्या, तुमची युनियन लई राबतीया की. सुहासची नोकरी राहिली. वाळलेली पुस्तकं पहिल्यासारखी सपाट झाली नाहीत, लाटा आल्यासारखी दिसतात. पण वाचता येतात.

मग अक्कांची निवृत्ती जवळ आली. चिटणीसपद त्यांनी सोडलं आणि माझं नाव सुचवलं. चिटणीस म्हणून माझी पहिली वार्षिक सभा वारणानगरला होती. अहवाल मी महिनाभर लिहीत होते. पुराचं काम त्यात सविस्तर होतं. किती पुस्तकं वाचवली, किती लोक राबले, सगळं. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. मी खाली बसणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत अक्का उभ्या राहिल्या.

"सभासद म्हणून इचारते," त्या म्हणाल्या. "वाचली किती, ते सांगितलंस. गेली किती?"

मी म्हटलं, साधारण तीनशे.

"नावं?"

नावं परिशिष्टात आहेत, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वाच. अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं, जेवण तयार आहे असं सुचवलं. अक्कांनी नियम सांगितला. कुठल्याही सभासदानं मागणी केली तर परिशिष्ट सभेत वाचावं लागतं. तो नियम त्यांनीच केव्हातरी लिहिलेला असणार.

मला अपमान वाटला. ज्या बाईनं मला घडवलं, तीच भर सभेत माझ्या चांगल्या दिवसाला गालबोट लावत होती. सुहासनं पुढं येऊन यादी माझ्या हातात दिली. मी वाचायला लागले. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं गाव. एक, दोन, तीन. काही जण जेवणाच्या दाराकडं बघत होते.

बाराव्या की तेराव्या नावाला डाव्या बाजूला एक हात वर गेला. गडहिंग्लजकडचे एक ग्रंथपाल होते. "आमच्याकडं ह्याच्या दोन प्रती हायत," ते म्हणाले. "एक सुहासला देतो."

मी थांबले. शेजारी उभ्या सुहासनं यादीवर खूण केली. मी पुढचं नाव वाचलं. कुणी नाही. त्याच्या पुढचं वाचलं, एका बाईंचा हात वर गेला. मग दोन हात एकदम. मग लोक सावरून बसले. कुणी फोन काढून आपल्या ग्रंथालयाची यादी उघडली, कुणी सहायकाला फोन लावून कपाट बघायला सांगितलं. मी नाव वाचायची आणि वर बघायची. निवेदनवाले ज्येष्ठ सदस्य तर प्रत्येक नावाला अर्धा हात वर करून आठवत बसायचे, आणि आठवलं की पूर्ण वर करायचे. जेवणाची वेळ टळून गेली. आचारी दोनदा दारात येऊन बघून गेला. एकही माणूस उठला नाही.

किती वेळ वाचत होते, मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की दीडशेच्या पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मला आता राग आलेला नाही. मी शेवटच्या रांगेकडं बघितलं. अक्का उभ्याच होत्या. ज्याचा हात वर जायचा त्याचं नाव त्या वहीत लिहून घेत होत्या.

यादी संपली तेव्हा तेवीस नावं अशी राहिली, ज्यांना हातच वर गेला नव्हता. ती मोठी पुस्तकं नव्हती. एका शाळामास्तरांनी भुदरगडातल्या विहिरींवर लिहिलेलं पुस्तक, एका गावच्या जत्रेची माहिती, गुऱ्हाळाच्या चुलवणावरची, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या चुलीवरची एक पुस्तिका, असली. जेवायच्या रांगेत अक्का माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी मला वाव दिला नाही. "हात न्हाय गेले त्या नावांखाली रेघ मार," म्हणाल्या. "जी कुणापाशीच न्हाईत, ती खरी गेली. ती आपण हुडकायची."

तेव्हापासून आम्ही हुडकतोय. संघटनेच्या प्रत्येक पत्राखाली ती नावं छापतो. कुणाच्या माळ्यावरून एखादं निघतं, कुणा मास्तरांच्या नातवाकडं एखादं सापडतं. विहिरींचं पुस्तक एका पाथरवटाच्या घरी मिळालं, त्याच्या आजोबांचं नाव त्यात होतं म्हणून जपून ठेवलेलं. त्यानं ते दिलं नाही. आम्ही त्याच्या ओट्यावर बसून पानापानाचे फोटो काढले.

अक्का आता नेसरीला असतात. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. सत्तरीकडं आल्या आहेत, थोड्या वाकल्या आहेत, नजर अधू झालीय. घरामागच्या परड्यात मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी पाया पडले, घरचं सांगितलं, संघटनेला नवीन कोण कोण मिळालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती राहिली?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, नऊ.

त्या मिरच्या हातानं पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून नऊ म्हंजे लई झाली."